भरता येते, काढता येत नाही

शुक्रवारी दुपारी दोन वाजून सहा मिनिटांनी शहबाज शेखच्या ईमेलवर सूचना आली. शहबाजला जाऊन त्या दिवशी एकतीस दिवस झाले होते.

सूचना त्याच्या बायकोने, नाहीदने वाचली. शहबाजचा मोठा फोन अपघातात फुटला होता. त्यातले सिम काढून तिने घरातल्या जुन्या, त्याचे ईमेल अजून चालू असलेल्या फोनमध्ये घातले होते, कारण त्याला अजून अधूनमधून फोन येत आणि तो गेल्याचे कोणीतरी सांगणे भाग होते. सूचना इंग्रजीत होती. हेल्थ फॅक्टर १.२४, एकच्या खाली गेल्यास तारण विकले जाईल, एवढाच मजकूर. पहिल्या दोन शब्दांवरून तिला ती दवाखान्याची वाटली. दवाखान्याचे सगळे बिल चुकते झाले होते. तिने फोन पालथा ठेवला. थोड्या वेळाने उचलला आणि पुढचे वाक्य पुन्हा वाचले.

शहबाज वीज केंद्रात कंत्राटी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. नोकरी अकरा वर्षांची, वय अडतीस. मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी रानडुक्कर आडवे गेले आणि मोटारसायकल पुलाच्या कठड्यावर आदळली. मूलबाळ नव्हते. वीज केंद्राच्या वसाहतीच्या, ऊर्जानगरच्या कुंपणाला लागून दुर्गापुरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने होत्या. नाहीद तिथेच राहिली. इद्दतीचे, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायचे, चार महिने दहा दिवस तिला त्याच घरात काढायचे होते. त्या काळात कामाशिवाय बाहेर जायचे नाही आणि परक्या पुरुषासमोर यायचे नाही.

म्हणून सूचनेबद्दल विचारायला तिने बोलावलेला प्रणित रविवारी अकरा वाजता आला तेव्हा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. दाराला पडदा होता. पडद्याआड नाहीद आणि मध्ये स्टुलावर घरमालकीण रंभाबाई. रंभाबाईचे माहेर घोडाझरीकडचे, तळ्यातली मासेमारी करणारे. सुकवलेल्या मासोळ्यांनी भरलेले सूप मांडीवर घेऊन त्या डोकी मोडत बसल्या होत्या. प्रणित शहबाजच्याच विभागात काम करत होता आणि असल्या व्यवहारातले त्याला कळत होते. जुलैपर्यंत त्याचे स्वतःचेही थोडे पैसे त्यात होते.

“भाभी, शहबाजनं तुमाले काहीच सांगतलं नाई?”

“प्लॉटसाठी जमवून राह्यलो म्हणे. कुठी जमवून राह्यला, ते नाई सांगतलं.”

प्रणितने सांगितले ते असे. शहबाजने तीन वर्षांत सव्वातीन लाख रुपये घालून दोन इथर घेतले होते. इथर म्हणजे इंटरनेटवरचे चलन. त्याचा भाव सोन्यापेक्षा कितीतरी जोरात खालीवर होतो. ऑगस्टमध्ये एका इथरचा भाव चार लाखांवर गेला. ते विकून पैसे मोकळे करण्याऐवजी शहबाजने दोन्ही इथर एका कर्ज देणाऱ्या प्रोग्रामकडे तारण ठेवले आणि त्यावर पाच लाखांची डॉलर-नाणी उचलली. या नाण्याची किंमत एका डॉलरला बांधलेली असते. त्या नाण्यांनी त्याने आणखी सव्वा इथर घेतले आणि तेही तारण ठेवले. त्यावर तीन लाख उचलले, पुन्हा इथर घेतले, पुन्हा ठेवले. दोन फेऱ्यांनंतर तारण चार इथर आणि कर्ज आठ लाख झाले. भाव चढला असता तर दोनऐवजी चार इथरवर नफा. उतरला तर तोटाही चारवर.

या प्रोग्रामला मॅनेजर नसतो. देणारे लोक जगभरातून एका हौदात नाणी ठेवतात आणि घेणारे तारण ठेवून त्यातून उचलतात. व्याज दर क्षणाला चढते. तारणाच्या किमतीचे ऐंशी टक्के धरायचे, त्याला कर्जाने भागायचे. येतो तो हेल्थ फॅक्टर. तो एकच्या खाली गेला की जगातला कोणीही त्या माणसाचे निम्म्यापर्यंत कर्ज स्वतः फेडू शकतो आणि तेवढ्या किमतीचे इथर, वर पाच टक्के जास्त, त्याच्या तारणातून उचलू शकतो. हे काम माणसे करत नाहीत. त्यासाठी लिहिलेले दुसरे प्रोग्राम दिवसरात्र अशी खाती शोधत असतात.

“मंग नोटीस कोणं धाडली?” रंभाबाईंनी विचारले.

“कोणी नाई धाडली, काकू. आपोआप येते.”

“माणूस मेला हे त्याले माहीत नाई का?”

“त्याले माणूसच माहीत नाई. पत्ता माहीत आहे.”

“दुर्गापूरचा?”

“नाई ना काकू. आकड्याअक्षरांचा पत्ता राहते एक. तो दुर्गापुरात राहते का अमेरिकेत, त्याच्याशी त्याले घेणंदेणं नाई.”

“हे बरं आहे,” रंभाबाई म्हणाल्या. “आमच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष तरी घरी येऊन शिव्या देते.”

पडद्याआडून नाहीद म्हणाली, “प्रणितभाऊ, ते विकून मोकळं नाई का करता येत? कर्ज फेडायचं, उरलं ते घ्यायचं.”

“येते ना. तुमी तो कागद काढला असन तर आत्ता करतो. अर्ध्या घंट्याचं काम आहे.”

“कोणता कागद?”

“पासच्या मागचा.”

पडद्याआड नाहीद पासच्या रिकाम्या खुंटीकडे वळली.

“भाभी?”

“आहे ती,” रंभाबाई म्हणाल्या. “बोल तू.”

प्रणितचा आवाज खाली आला. कंट्रोल रूममध्ये फोन नेऊ देत नाहीत. फोन गेटवर जमा करावा लागतो. त्यामुळे शहबाजने खात्याची चावी फक्त फोनच्या भरवशावर ठेवली नव्हती. चावी म्हणजे बारा साधे इंग्रजी शब्द. ते ज्याच्याकडे असतील त्याला कोणत्याही फोनवर ते खाते उघडता येते आणि नसतील त्याला कधीच येत नाही. शहबाजने ते एका चिठ्ठीवर लिहून, घडी करून, गळ्यातल्या गेट पासच्या मागे प्लास्टिकच्या कव्हरात सरकवले होते. प्रणितने ते डोळ्यांनी पाहिले होते. घरात ठेवलं तर उंदीर खातील, म्हणून इथी ठेवतो, असे शहबाज तेव्हा म्हणाला होता.

पास घरात नव्हता. अपघातानंतर नवव्या दिवशी कंत्राटदाराचा माणूस येऊन गेला होता. कंत्राटी कामगार सुटला, पळाला की वारला, पास जमा झाल्याशिवाय त्याचा हिशेब निघत नाही. दुर्गापुरातल्या प्रत्येक घराला हे माहीत असते. नाहीदने कव्हरावरचा चिखल ओल्या फडक्याने पुसला होता, पट्टा नीट गुंडाळला होता आणि रंभाबाईंच्या हाती पास खाली पाठवून पावतीवर सही केली होती. पुसताना तिने फोटो पाहिला होता. मागची बाजू पाहिली नव्हती.

सोमवारी प्रणित कंत्राटदाराच्या कचेरीत धनराजला भेटला. पास देणे-घेणे धनराजकडे होते. जमा झालेल्या पासचा कोपरा कापून तो नोंद करी आणि पास पोत्यात टाकी. कव्हर मात्र टाकत नसे. नव्या कव्हराला अकरा रुपये पडतात.

“कव्हरात कागद होता म्हणता? लोकाईच्या कव्हरात मले काय काय भेटते सांगू? लॉटरीचं तिकीट, पुडी, देव. एकाच्या कव्हरात सासऱ्याचा फोटो होता. काऊन ठेवला म्हटलं, तर म्हणे धाक राहते.”

“मंग तू ते काढून टाकतो?”

“टाईम कुठी आहे? ओव्हरहॉलचे साडेसहाशे पास एका आठवड्यात केले मी. जुना पास वढला, नवा सरकवला, पुढचा या. मागं काय आहे ते मी पाह्यत नाई.”

प्रणितने पोते पाहिले. त्यात पास होते आणि कव्हरे नव्हती. एका युनिटचे ओव्हरहॉल, म्हणजे मोठी दुरुस्ती, सुरू होते. त्यासाठी झारखंड, तेलंगण आणि जवळपासच्या गावांतून आलेल्या सहाशे चाळीस तात्पुरत्या कामगारांपैकी कोणाच्या तरी गळ्यात शहबाजचे कव्हर असण्याची शक्यता होती. चिठ्ठी त्यातच आहे, की कोणी काढून फेकली, हे कळायला मार्ग नव्हता.

शोधण्यातही अडचण होती. काय शोधतो ते सांगता येत नव्हते. ज्याने ते बारा शब्द वाचले, तो खाते रिकामे करू शकत होता. प्रणितने पहिल्या दिवशी लोकांना सांगितले की शहबाजच्या बायकोने लिहून दिलेली दुआ त्या कव्हरात राहून गेली आहे. संध्याकाळी त्याने हे नाहीदला फोनवर सांगितले.

“दुआ नका म्हणू.”

“मंग काय म्हणू?”

“फोटो म्हणा.”

तो फोटो म्हणू लागला. कामावर जाता-येता, जेवणाच्या सुट्टीत, चहाच्या टपरीवर तो लोकांची कव्हरे उलटी करून पाहत असे. बहुतेक जण दाखवत. काही थट्टा करत. एकाने विचारले की मेलेल्याच्या बायकोचा फोटो तुले काऊन पाहिजे? प्रणितने हे नाहीदला सांगितले नाही; रंभाबाईंना सांगितले आणि त्यांनी ते वर जाऊन सांगितले.

चाळिसाव्या दिवशी इथर दोन लाख सत्तर हजारांवर आला आणि आकडा १.०८ झाला. त्या सकाळी प्रणितने फोनवरून एक गोष्ट समजावली. कर्ज ज्याचे आहे त्यानेच फेडले पाहिजे असे नाही. पत्ता माहीत असला की कोणीही त्या पत्त्याच्या नावाने पैसे भरू शकतो.

“भरायले चावी लागत नाई, भाभी. काढायले लागते.”

“म्हणजे मी टाकत राहीन आणि ते आत राहीन.”

“कागद सापडेपर्यंत.”

“आणि नाई सापडला तर?”

“तर आतच.”

तिने हातातली बांगडी विकायला काढली नाही की कोणाला विचारले नाही. बँकेत बहात्तर हजार होते. त्यातले चाळीस तिने प्रणितला पाठवले. त्याने डॉलर-नाणी घेऊन स्वतःच्या वॉलेटमधून शहबाजच्या पत्त्यावर भरली. बारा वाजून अठरा मिनिटांनी आकडा १.१४ झाला. कर्ज सात लाख साठ हजार. पावती कोणाच्या नावाने आली नाही. पत्त्याच्या नोंदीत एक ओळ वाढली, तेवढेच.

ती नोंद जगातल्या कोणालाही पाहता येते. प्रणितने लिंक पाठवल्यापासून नाहीद ती रोज पाहत होती. त्यात शहबाजने केलेला प्रत्येक व्यवहार मिनिटासकट होता. पहिले कर्ज एका मंगळवारी, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी. तेव्हा ती त्याचा डबा भरत असणार. दुसरे एका रविवारी, दुपारी चार वाजता. त्या रविवारी दोघे जुनोन्याच्या तळ्यावर गेले होते. भुट्टा खाताना नेटवर्क बरोबर नाही म्हणून तो बांधावर लांब चालत गेला होता आणि वीस मिनिटांनी परतला होता. ऑफिसचा मेसेज होता, असे म्हणाला होता. तिने अर्धा भुट्टा त्याच्यासाठी ठेवला होता आणि त्याने तो थंड खाल्ला होता. नोंदीत तिने हिशेब लावला: पहिला व्यवहार चार वाजून दोन मिनिटे, शेवटचा चार वाजून एकोणीस. इतकी सगळी मिनिटे जुळत गेली की तिने पाहणे थांबवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केले.

त्या शनिवारी शहबाजचा थोरला भाऊ नसीम आला. चंद्रपुरात त्याचे कूलर बांधण्याचे आणि दुरुस्तीचे दुकान आहे. जनाज्याच्या नमाजआधी रिवाजाप्रमाणे त्यानेच सगळ्यांसमोर सांगितले होते की मरहूमकडून कोणाचे काही येणे असेल तर माझ्याकडे या, नाहीतर माफ करा. तिघे आले होते: टायरवाला, किराणावाला आणि भिशीतला एक मित्र. तिघांचे मिळून एकोणीस हजार नसीमने आठवड्याच्या आत दिले होते.

“मैंने समझा, हो गया,” तो म्हणाला. घरात तो हिंदीतच बोलत असे. “और ये आठ लाख किसका है?”

पायरीवर बसलेल्या प्रणितने सांगितले, “लोकाईनं हौदात ठेवलेले पैसे आहेत, नसीमभाई. कोण लोक, ते कोणालेच माहीत नाई.”

“तो फिर माफी किससे मांगूं?”

“माफीचा प्रश्नच येत नाई. तारण आहे ना. तो आपला कापून घेते.”

“सुनार भी गिरवी रखता है, तो खबर भेजता है. चार दिन रुकता है.”

“हा थांबत नाई.”

नसीमचे मत साधे होते. व्याजाचा पैसा, त्यात आणखी टाकू नये. आकडा एकच्या खाली जाऊ द्यावा, प्रोग्रामने तारण विकून कर्ज कापावे, भावाच्या मानेवरचे ओझे तेवढे तरी हलके होईल. प्रणितने कबूल केले की पहिल्या कापणीत सगळे जात नाही. अर्धे कर्ज फिटेल, पावणेदोनच्या आसपास इथर जातील, सव्वादोन उरतील. पण भाव पडतच राहिला तर पुन्हा कापणी, मग पुन्हा. शेवटी उरेल ते थोडे असेल, आणि तेही चिठ्ठीशिवाय कोणाच्या उपयोगाचे नाही.

प्रणित गेल्यावर नसीम जिन्याकडे पाहत म्हणाला, “बुरा मत मानना. मिल गया वो कागज, तो ये बताएगा?”

रंभाबाई म्हणाल्या, “त्याच्या मनात राह्यलं असतं तर कागदाचं सांगतलंच काऊन असतं?”

“उस वक्त उसको लगा था, कागज इनके पास है,” नसीम म्हणाला.

रंभाबाई मासोळ्यांचे सूप उचलून खाली गेल्या.

त्यानंतर नाहीद नोंद वेगळ्या कारणासाठी पाहू लागली. चावी कोणाच्या हाती लागली असती तर पत्त्यावरून इथर बाहेर गेल्याची ओळ दिसली असती. तशी ओळ नव्हती. प्रणितचा रोज एक मेसेज येई: आज सतरा पाहिले, नाही. आज नऊ पाहिले, नाही. ती आकडे मनात जोडत असे. पन्नासाव्या दिवशी बेरीज दोनशे अठरा झाली. नसीम ते बोलून गेला नसता तर तिने हे आकडे जोडले असते का, हे तिलाही सांगता आले नसते. आधी ती मेसेजला “बरं” असे उत्तर देई. आता फक्त वाचत असे.

पंचावन्नाव्या दिवशी, सोमवारी, शहबाजचा हिशेब निघाला. कंत्राटदाराकडून एक लाख चाळीस हजार रुपये खात्यात आले. बुधवारी सकाळपासून इथर घसरू लागला. बारा वाजून चाळीस मिनिटांनी भाव दोन लाख त्रेचाळीस हजार आणि आकडा १.०२ होता. व्याज धरून कर्ज सात लाख त्रेसष्ट हजार झाले होते. आणखी चार-साडेचार हजारांनी भाव उतरला की कापणी होणार होती.

बारा पन्नासला, जेवणाच्या सुट्टीत, प्रणितचा मेसेज आला. भाभी, टाकायचे का? हो म्हटलं तर वीस मिनिटं लागते. सव्वा लाख टाकले तर आकडा १.२२ होते.

नाहीदने तो वाचला. मग बुरखा घातला आणि जिना उतरली. सत्तावन्न दिवसांनंतर ती पहिल्यांदा घराबाहेर पडत होती. रंभाबाई ओट्यावर जाळे पसरून बसल्या होत्या.

“कुठी?”

“गेटवर.”

“येऊ का संग?”

“नको.”

“चार महिने झाले नाई तुले.”

“काम आहे. कामासाठी दिवसा जाता येते.”

“मी काई म्हटलं का?” रंभाबाई म्हणाल्या. “ऊन आहे. पाणी घेऊन जा.”

गेट पाऊण किलोमीटरवर आहे. ती एक वाजून पंचवीस मिनिटांनी तिथे पोहोचली. दोनच्या पाळीची माणसे पावणेदोनपासून येऊ लागतात. सायकल स्टँडच्या टोकाशी जिथून सगळे समोरून येताना दिसतात, तिथे ती उभी राहिली. सुरक्षा रक्षकाने विचारले, “कोणाले पाह्यता, बाई?”

“पाह्यते. घरचं आहे कोणी.”

रक्षकाने तिला सावलीत उभे राहायला सांगितले आणि तो रांगेकडे वळला.

चालताना पास गळ्यात गरगर फिरतो. कधी फोटो पुढे येतो, कधी मागची बाजू. मागची बाजू दिसणाऱ्यांची नाहीदने मोजणी ठेवली. दोन वाजेपर्यंत त्र्याण्णव जण आत गेले. एकतीस जणांच्या पासची मागची बाजू बाहेर होती. त्यातल्या सत्तावीस कव्हरांत पासची छापील पाठ सोडून काही नव्हते. चौघांच्या कव्हरात कागदासारखे काही होते. एकाकडे बसचे तिकीट होते. तिने विचारले तेव्हा त्याने काढून दाखवले. दुसऱ्याकडे कंपनीचे सुरक्षा कार्ड, तिसऱ्याकडे लहान मुलीचा फोटो.

चौथा तिशीचा, पिवळे हेल्मेट घातलेला, उंच माणूस होता. त्याच्या कव्हरात पासच्या पाठीला चिकटून घडी केलेला पांढरा कागद होता, दोन बोटांएवढा. तो उशिरा आला होता आणि जवळजवळ धावत होता. नाहीदने “भय्या” म्हणून हाक मारली. त्याने मागे पाहिले, हाताने थांबा अशी खूण केली आणि यंत्राला पास दाखवून आत गेला. पासवरचे नाव तिला वाचता आले नाही. त्याची पाळी रात्री दहाला सुटते.

तिने रक्षकाला विचारले. आत निरोप पाठवायचा तर माणसाचे नाव किंवा पास नंबर लागतो, असे त्याने सांगितले. प्रणित त्या वेळी कंट्रोल रूममध्ये होता, म्हणजे त्याचा फोन याच गेटवरच्या खणात होता. पाळी बदलताना तो घेण्यासाठी बाहेर येईल, तेव्हा तिला त्याला त्या माणसाचे वर्णन सांगावे लागणार होते, किंवा सांगायचे नाही हे ठरवावे लागणार होते.

दोन वाजून अकरा मिनिटांनी प्रणित बाहेर आला. त्याने खणातून फोन घेतला, मेसेजला उत्तर नाही हे पाहिले आणि सायकल स्टँडकडे चालू लागला. सावलीतल्या बुरख्यातल्या बाईकडे त्याचे लक्ष गेले नाही. नाहीदचा आवाज त्याने ओळखला असता, पण चेहरा त्याने गेल्या सत्तावन्न दिवसांत पाहिला नव्हता. ती बोलली नाही. तो तिच्यापासून चार हातांवरून गेला, मोटारसायकल सुरू केली आणि दुर्गापूरच्या रस्त्याला लागला.

दोन वाजून एकतीस मिनिटांनी आकडा १.०१ होता. एक लाख चाळीस हजार रुपये बँकेत होते. पत्त्यावरून तोवर काहीही बाहेर गेलेले नव्हते. प्रणितच्या मेसेजला उत्तर गेले नव्हते, दहाची पाळी सुटायला साडेसात तास होते आणि नाहीद गेटसमोर उभी होती.